ब्रेक 'फेल' होण्याआधी गाडी काय सांगत असते?

घाटातल्या अपघाताच्या बातमीत एक वाक्य ठरलेले असते : 'ब्रेक निकामी झाल्याने चालकाचे वाहनावरील नियंत्रण सुटले.' वाचणाऱ्याला वाटते, आता विचारायचे काय उरले? यंत्र बिघडले, माणूस हतबल झाला, विषय संपला. गॅरेजमध्ये मात्र या वाक्याला फारसा अर्थ नसतो. तिथला मुरलेला मेकॅनिक आधी विचारतो, पेडल कसे झाले होते? मऊ पडून तळाला गेले, की पेडल नेहमीसारखेच राहिले आणि गाडीच थांबेना, की दगडासारखे घट्ट होऊन दाबलेच जाईना? तिन्ही वेळा चालक 'ब्रेक फेल' एवढेच म्हणतो. प्रत्यक्षात ते तीन वेगळे बिघाड आहेत, त्यांची कारणे वेगळी आहेत, आणि त्यातल्या बहुतेकांची सुरुवात घाट लागण्याच्या कितीतरी आधी झालेली असते.

पावसाळी सहली, गणपती आणि दिवाळीची सुट्टी या काळात मुंबई-पुण्याच्या हजारो खासगी गाड्या सह्याद्री चढतात आणि उतरतात. एरवी त्यांचे आयुष्य सोसायटीचे पार्किंग, सिग्नल आणि ऑफिस यांतच जाते. शहरात निभावून जाणारे ब्रेक बोरघाटात, ताम्हिणीत किंवा आंबेनळीत निभावतीलच असे नाही. ते का, हे समजून घ्यायला इंजिनीअर असण्याची गरज नाही.

उतारावर वेगळे काय होते?

ब्रेक गाडीची गती शोषून घेतात आणि तिची उष्णता करून हवेत सोडतात. पुढच्या चाकांना लोखंडी डिस्क असते, तिला दोन्ही बाजूंनी पॅड चिमटीत धरतात. बहुतेक छोट्या गाड्यांत मागे ड्रम आणि त्यात ब्रेक शू असतात. सिग्नलला गाडी थांबते, डिस्क तापते, पुन्हा सिग्नल येईपर्यंत ती निवते. घाटात हा निवण्याचा वेळ मिळत नाही.

किती उष्णता? खंडाळ्याहून खोपोलीकडे येताना गाडी सुमारे पाचशे मीटर खाली उतरते. चार माणसे आणि सामान धरून गाडीचे वजन चौदाशे किलो मानले, तर एवढे उतरताना मोकळ्या होणाऱ्या ऊर्जेत वीसएक लिटर पाणी, म्हणजे नळाखाली भरलेली अख्खी बादली, उकळू शकते. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरायचे तर चाळीसेक किलोमीटरच्या रस्त्यात सुमारे तेराशे मीटर खाली यावे लागते. तिथे हिशेब तीन बादल्यांच्या आसपास जातो. हे सगळे झेलायला असतात तव्याएवढ्या दोन डिस्क आणि मागचे दोन ड्रम. त्यातही पुढच्या चाकांवर भार अधिक, कारण ब्रेक दाबला की गाडीचे वजन पुढे झुकते.

यातली काही ऊर्जा हवेच्या विरोधात आणि टायरच्या घर्षणात जाते. उरलेली इंजिन आणि ब्रेक यांनी वाटून घ्यायची असते. इंजिनला तो वाटा द्यायचा की नाही, हे चालकाच्या डाव्या हातात, म्हणजे गिअरच्या दांड्यावर असते. घाटातले निम्मे शहाणपण एवढ्यात आले.

पेडल तळाला का जाते?

चालकाच्या पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचतो तो एका द्रवामार्फत. बाजारात त्याला ब्रेक ऑइल म्हणतात, पण ते तेल नव्हे. खरे तेल त्यात चुकून ओतले तर आतली रबराची सीले फुगून खराब होतात. बहुतेक गाड्यांतला हा द्रव ग्लायकॉल जातीचा असतो आणि त्याचा एक स्वभाव आहे : तो हवेतले बाष्प पितो. डब्याचे झाकण, रबरी नळ्या यांतून ओल हळूहळू आत जात राहते. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत तर तिला निमित्तच नको.

ओल शिरली की त्याचा उकळबिंदू उतरतो. डब्यावर 'डॉट ३' लिहिलेला नवा द्रव किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मिसळले की ही मर्यादा १४० अंशांवर येऊ शकते. 'डॉट ४'साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. शहरात हा फरक कळतही नाही. घाटात डिस्क काही शे अंशांपर्यंत तापते, ती उष्णता पॅडमागच्या कॅलिपरपर्यंत जाते आणि तिथला जुना द्रव उकळू लागतो. द्रव दाबला तर दबत नाही, म्हणून तो जोर पोहोचवतो. वाफ मात्र दबते. चालक पेडल दाबतो, वाफेचे बुडबुडे चेपले जातात, आणि पाय थेट तळाला टेकतो. पॅड जागचे हलतही नाहीत.

गाडी कशीबशी थांबली, तासभर उभी राहिली, की वाफेचे पुन्हा पाणी होते आणि पेडल बरेचसे पूर्ववत येते. टोइंग करून आणलेल्या गाडीचे ब्रेक गॅरेजमध्ये व्यवस्थित लागतात. 'काही नाही हो, ब्रेक छान आहेत, तुम्ही घाबरलात' असे सांगून गाडी परत दिली जाते. तोच द्रव पुढच्या घाटात पुन्हा उकळायला मोकळा. म्हणून अशा प्रसंगानंतर ब्रेक लागतात की नाही यापेक्षा ब्रेक ऑइल कधी बदलले, हे विचारणे महत्त्वाचे. अनेक कंपन्यांच्या पुस्तिकांत ही मुदत दोन-तीन वर्षांची असते. गाडी किती किलोमीटर चालली याच्याशी तिचा फारसा संबंध नाही. उभ्या गाडीतले ऑइलही ओल पितच असते. गॅरेजच्या फळीवर पडलेल्या अर्ध्या बाटलीतलेसुद्धा.

पेडल जागेवर राहते आणि गाडी थांबत नाही, तो दुसरा प्रकार. इथे द्रव ठीक असतो, पॅड अति तापलेले असतात. त्यांच्यातले चिकट घटक जळू लागतात, पॅड आणि डिस्क यांच्यातली पकड कमी होते. जळका, उग्र वास येतो, कधी चाकातून धूरही दिसतो. तिसरा प्रकार घट्ट पेडलचा. त्याचा संबंध आपल्याकडच्या एका जुन्या सवयीशी आहे.

न्यूट्रलमध्ये इंधन वाचते का?

उतार लागला की गाडी न्यूट्रल करायची आणि पेट्रोल वाचवायचे, ही सवय एका पिढीने दुसरीला शिकवली. फियाट पद्मिनी आणि ॲम्बेसेडरच्या काळात तिला थोडाफार अर्थही होता. कार्ब्युरेटरच्या इंजिनात चाके इंजिनाला फिरवत असतानाही थोडे पेट्रोल ओढले जायचेच. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गणित उलटे झाले आहे. गाडी गिअरमध्ये आहे, पाय ॲक्सिलरेटरवरून काढला आहे आणि इंजिन पुरेसे फिरते आहे, अशा वेळी संगणक इंधनाचा पुरवठा पूर्ण बंद करतो. उतारच इंजिनाला फिरवत असतो. गाडी न्यूट्रल केली की मात्र इंजिनाला स्वतःच्या बळावर चालू राहावे लागते आणि त्यासाठी इंधन जळते. म्हणजे न्यूट्रल करणारा चालक इंधन जास्त घालवतो, आणि इंजिनाच्या वाट्याची सगळी उष्णताही ब्रेकच्या माथी मारतो.

त्यापुढची पायरी म्हणजे इंजिनच बंद करणे. मोटारीच्या ब्रेकला बूस्टरची मदत असते आणि बूस्टरला लागणारी निर्वात पोकळी इंजिन चालू असतानाच तयार होते. इंजिन बंद झाल्यावर साठलेल्या पोकळीवर एक-दोनदा ब्रेक नीट लागतो. तिसऱ्यांदा पेडल दगड होते. ब्रेक शिल्लक असतात, पण ते लावायला नेहमीच्या कितीतरी पट जोर लागतो आणि त्या क्षणी तो जोर लावायचे सुचत नाही. स्टिअरिंग जड होते. चावी फिरवून काढलीच तर स्टिअरिंग लॉकही बसू शकते. ट्रकमध्ये हवेच्या दाबावर चालणारे ब्रेक असतात. इंजिन बंद असेल तर कॉम्प्रेसर बंद, आणि प्रत्येक दाबासरशी टाकीतली हवा कमी होत जाते.

पुण्याजवळ नवीन कात्रज बोगद्यापासून नवले पुलाकडे येणारा लांब उतार यासाठीच बदनाम आहे. नोव्हेंबर २०२२मध्ये एका अवजड वाहनाने तिथे चाळीसहून अधिक वाहनांना धडक दिली, तेव्हा सुरुवातीला ब्रेक निकामी झाल्याचेच सांगितले गेले. चालकाने उतारावर इंजिन बंद केले होते, असे प्राथमिक तपासाच्या हवाल्याने नंतर सांगण्यात आले. त्या उताराची रचना, वेगमर्यादा, सेवा रस्ते यांवर बरीच चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी. सदोष उतारावर सगळे खापर चालकावर फोडता येत नाही. पण न्यूट्रलची सवय ट्रकवाल्यांपुरती आहे, असे मोटारवाल्यांनी समजू नये. ती घरोघरी आहे.

जुने चालक सांगायचे, जो गिअर चढायला लागतो तोच उतरायला ठेवा. ढोबळ असला तरी हा नियम आजही चालतो. तीव्र वळणांच्या उतारावर दुसरा, लांब सरळ उतारावर तिसरा. इंजिनाचा आवाज वाढतो, शेजारी बसलेले माणूस 'गिअर बदल ना' म्हणते, ऐकू नये. ब्रेकवर पाय सतत टेकवून उतरण्यापेक्षा वेग वाढला की ठामपणे ब्रेक दाबावा, वेग पुरेसा कमी करावा आणि पाय उचलावा. मधल्या काही सेकंदांत डिस्कला हवा लागते. वेग मुळात कमी ठेवणे तर सगळ्यांत स्वस्त : ताशी ८० किलोमीटरवरून थांबताना ४०च्या चौपट उष्णता तयार होते, दुप्पट नव्हे.

ऑटोमॅटिक आणि इलेक्ट्रिक गाड्यांत काय करायचे?

ऑटोमॅटिक गाडी घेणाऱ्या अनेकांना दांड्यावरच्या 'डी'च्या पलीकडची अक्षरे कधी लागतच नाहीत. ती घाटासाठीच आहेत. एएमटी गाडीत 'एम'मध्ये घेऊन हाताने खालचा गिअर धरता येतो. इतर ऑटोमॅटिकमध्ये 'एल', '२', 'एस' किंवा स्टिअरिंगमागच्या पट्ट्या असतात. नुसत्या 'डी'त सोडलेली गाडी काही वेळा उतारावर वरचा गिअर घेते आणि इंजिनाची पकड सैल पडते.

इलेक्ट्रिक गाड्या उतारावर मोटरनेच वेग रोखतात आणि ती ऊर्जा बॅटरीत भरतात. त्यांचे पॅड म्हणूनच जास्त टिकतात. पण एक मेख आहे. बॅटरी आधीच पूर्ण भरलेली असेल तर ती ऊर्जा ठेवायला जागा नसते आणि गाडी हे रोखणे कमी करते. महाबळेश्वरच्या हॉटेलात रात्रभर चार्जिंग करून शंभर टक्के बॅटरीने सकाळी घाट उतरायला लागणाऱ्याला पहिली काही वळणे गाडी 'मोकळी' वाटते ती यामुळे. तिथे थोडी कमी चार्ज केलेली गाडी बरी.

आणि एबीएस? एप्रिल २०१९पासून नव्या मोटारींना ते बंधनकारक आहे. ते चाके जॅम होऊ देत नाही, त्यामुळे जोराचा ब्रेक मारूनही गाडी वळवता येते. त्या वेळी पायाखाली पेडल थडथडते. हा बिघाड समजून अनेक जण पाय उचलतात, आणि नेमक्या गरजेच्या वेळी ब्रेक सोडून देतात. थडथडले तरी दाबून ठेवायचे. तापलेल्या ब्रेकवर मात्र एबीएसकडे इलाज नाही.

गाडी आधी काय सांगते?

बहुतेक पॅडमध्ये धातूची एक छोटी पट्टी बसवलेली असते. पॅड झिजत आला की ती डिस्कला घासते आणि बारीक, चिरका आवाज येतो. हा आवाज मुद्दामच ठेवलेला आहे. गाडीची ती हाक आहे. काचा बंद, एसी सुरू, गाणी मोठ्याने, यात ती ऐकूच जात नाही. आठवड्यातून एकदा काच खाली करून कंपाउंडच्या भिंतीशेजारून गाडी न्यावी, भिंत आवाज परत पाठवते. चिरका आवाज काही दिवसांनी खरखरीत बदलला तर पॅड संपून लोखंडावर लोखंड घासते आहे. तोवर दोन पॅडचा खर्च डिस्कपर्यंत गेलेला असतो. नवा पॅड साधारण दहा-बारा मिलिमीटर जाड असतो. तीनच्या आसपास आला की बदलावा. पावसात रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचा सकाळचा पहिला खरखराट मात्र डिस्कवरच्या गंजाचा असतो आणि दोन-चार ब्रेकमध्ये जातो. त्याला घाबरू नये.

ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला ओढत असेल तर बहुधा एखादा कॅलिपर अडकलेला असतो. लांबच्या प्रवासानंतर एका चाकाची रिम इतरांपेक्षा बरीच तापलेली असते, हीसुद्धा त्याचीच खूण. हात लावून पाहू नये, जवळ नेला तरी धग कळते. वेगात ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरले तर डिस्क असमान झिजली आहे. जाडी शिल्लक असेल तर लेथवर घासून सरळ करता येते, नसेल तर बदलावी. सिग्नलला पेडल दाबून उभे असताना ते हळूहळू खाली सरकत असेल तर मास्टर सिलिंडर आतून गळतो आहे. ही गाडी गॅरेजपर्यंतसुद्धा चालवत नेऊ नये.

बूस्टर घरच्या घरी तपासता येतो. इंजिन बंद ठेवून पेडल तीन-चारदा दाबावे, ते घट्ट होते. तसेच दाबून ठेवून इंजिन सुरू करावे. पेडल थोडे खाली गेले तर बूस्टर काम करतो आहे.

बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या डब्याबद्दल एक गैरसमज फार पसरला आहे. पातळी कमी दिसली की वरून भरायची, झाले काम. ही पातळी दोनच कारणांनी कमी होते : कुठेतरी गळती आहे, किंवा पॅड झिजल्याने द्रव पुढे सरकला आहे. इंजिन ऑइलसारखा तो जळत नाही. वरून भरणे म्हणजे गाडीने दिलेला निरोप न वाचता फाडणे. पॅड पाहून, गळती पाहून मगच भरावे. डॅशबोर्डवरचा लाल दिवा हँडब्रेक सोडल्यावरही जात नसेल तर त्याचा अर्थही बहुधा हाच असतो.

एवढे सांगून झाल्यावर एक कारण राहते, त्यात बिघाड कसलाच नसतो. सीटखालून घरंगळत आलेली पाण्याची बाटली ब्रेक पेडलच्या मागे अडकते. किंवा पुढे सरकलेले जाडजूड मॅट. उतारावर सगळे सामान पुढे येते, हे लक्षात ठेवून बाटली दाराच्या कप्प्यात ठेवावी.

चढावर आणि पावसात

चढणीवर दुखणे दुसरेच असते. वाहतूक कोंडीत अर्धा क्लच दाबून गाडी उतारावर धरून ठेवली की क्लच प्लेट जळते. तो वास ब्रेकच्या वासासारखाच वाटतो आणि अनेक जण त्यात फसतात. तिथे हँडब्रेक वापरावा. इंजिन तापले तर काय, हेही माहीत हवे, कारण बऱ्याच छोट्या गाड्यांत आता तापमानाचा काटाच नसतो, फक्त लाल दिवा. तो लागला की एसी बंद करून गाडी सुरक्षित जागी थांबवावी आणि गरम रेडिएटरचे किंवा कूलंटच्या डब्याचे झाकण उघडू नये. आतले पाणी दाबाखाली असते, ते चेहऱ्यावर उसळते. कूलंटच्या जागी बोअरचे पाणी वर्षानुवर्षे ओतलेल्या गाडीच्या रेडिएटरमध्ये क्षार साठतात आणि ती नेमकी चढावर तापते.

पावसाचे म्हणाल तर साचलेल्या पाण्यातून बाहेर पडल्यावर हळू चालत दोन-तीनदा हलका ब्रेक दाबावा, म्हणजे पॅड आणि ड्रम सुकतात. पावसाळ्यात बरेच दिवस गाडी उभी ठेवायची असेल तर हँडब्रेक ओढून न ठेवता ती गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावावा. ओल्या ड्रमला शू चिकटून बसतात. टायरची नक्षी मोटारींसाठी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी नसावी असा नियम आहे. खाचांमध्ये असलेले छोटे उंचवटे पृष्ठभागाला टेकले की ती मर्यादा आली. ब्रेक चाक थांबवतात, गाडी टायर थांबवते. टायरच्या कडेवरचे चार आकडे पाहून त्याचे वय कळते : '२३२१' म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा.

ब्रेक लागलेच नाहीत तर?

पहिली गोष्ट, चावीला हात लावू नये आणि न्यूट्रल करू नये. इंजिन सुरू आणि गाडी गिअरमध्ये राहिली तर अजून बरेच काही हातात असते. पेडल मऊ पडले असेल तर ते भराभर पंप करावे; वाफ असली तरी थोडा दाब तयार होऊ शकतो. गिअर एकेक करून खाली आणावा. चौथ्यातून थेट पहिला टाकायचा प्रयत्न केला तर गिअर पडतच नाही आणि गाडी न्यूट्रलमध्ये मोकळी सुटते. हँडब्रेक एकदम खेचू नये, त्याचे बटण दाबून धरून हळूहळू ओढावा, नाहीतर मागची चाके जॅम होऊन गाडी फिरते. बटणाचा इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असलेल्या बहुतेक गाड्यांत ते बटण धरून ठेवले की गाडी नियंत्रितपणे थांबवली जाते. आपल्या गाडीत काय सोय आहे ते पुस्तिकेत आधीच पाहिलेले बरे. हॉर्न आणि चारही इंडिकेटर सुरू. बाजूला रेती-खडीचा थांबा केलेला असेल तर त्यात शिरावे. नसेल तर दरीकडे न जाता डोंगराकडच्या बाजूला किंवा कठड्याला गाडी तिरकी घासत न्यावी. पत्रा जाईल.

जळका वास येऊ लागला, पण ब्रेक अजून लागत आहेत, तेव्हाच थांबणे शहाणपणाचे. सुरक्षित रुंद जागा पाहून अर्धा तास तरी थांबावे. चाकावर पाणी मारू नये. तापलेली डिस्क वाकते किंवा तिला तडे जातात. घाटातल्या टपऱ्यांवर थांबणाऱ्या मोटारींच्या चाकांवर बादलीने पाणी ओतायचा सेवाभाव अनेकदा दिसतो. तो नम्रपणे नाकारावा.

सर्व्हिसिंगच्या बिलात ब्रेक कुठे असतात?

सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर मालकाला विचारले जाते ते पॉलिश, अंडरबॉडी कोटिंग, एसीची फवारणी, आतली ड्रायक्लीनिंग यांबद्दल. ब्रेकच्या रकान्यात बहुधा एक बरोबरची खूण असते. पॅड किती मिलिमीटर उरला, ऑइलमध्ये ओल किती, हे आकडे फार कमी बिलांवर दिसतात. ओल मोजायचे साधन पेनाएवढे असते, मोजायला काही सेकंद लागतात. जॉबकार्डवर हे दोन आकडे लिहून मागणे हा ग्राहकाचा हक्क आहे आणि तो बजावणारे थोडे आहेत. दोष एकट्या गॅरेजवाल्याचा नाही. चकचकीत गाडी घरी आणताना मालकही खूश असतो. ब्रेक ऑइल बदलल्याने गाडी वेगळी दिसत नाही, पळतही नाही, त्यामुळे त्या ओळीवर पैसे वाचवल्याचे समाधान मिळते. वर्षातून एकदाच घाटात जाणाऱ्याने तो एक दिवस डोळ्यांसमोर ठेवून हा खर्च करायचा असतो.

पॅड घेताना 'ओरिजिनल की लोकल' हा प्रश्न येतो. दिव्याची काच किंवा मडफ्लॅप लोकल घेतला तर फार बिघडत नाही. पॅडच्या बाबतीत ही काटकसर करू नये.

पंधरा वर्षे कोण तपासते?

खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्या पंधरा वर्षांत कायद्याने तिची जी तपासणी नियमित मागितली जाते, ती धुराची. पीयूसी नसेल तर दंड होतो. ब्रेकबद्दल कुणी विचारत नाही. टॅक्सी, बस, ट्रक यांना ठराविक मुदतीने योग्यता प्रमाणपत्र लागते : आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी. खासगी गाडीला तशी अट नाही. ब्रिटनमध्ये मोटार तीन वर्षांची झाली की दरवर्षी तपासून घ्यावी लागते आणि त्यात ब्रेक, टायर, स्टिअरिंग पाहिले जाते. जपानमध्ये पहिली तपासणी तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी.

आपल्याकडे असा नियम आणायचा म्हटले की लगेच आक्षेप येतो : आणखी एक कागद, आणखी एक रांग, आणखी एक एजंट. पीयूसीचा अनुभव पाहता आक्षेप खोटा नाही. तरी सुरुवात एका छोट्या जागेवरून करता येईल. जुनी गाडी विकली जाते तेव्हा मालकी बदलण्यासाठी अर्ज, विमा आणि पीयूसी लागते. त्याच वेळी यंत्रावर ब्रेकची चाचणी बंधनकारक केली तर वर्षाच्या सरसकट तपासणीचा बोजा न पडता निदान हात बदलणाऱ्या गाड्या पाहिल्या जातील. व्यावसायिक वाहनांसाठी स्वयंचलित तपासणी केंद्रे उभी राहत आहेत, त्यांतच हे काम होऊ शकते. जुन्या गाड्यांचा बाजार वाढतो आहे, आणि पहिल्यांदा गाडी घेणारी अनेक कुटुंबे तिथूनच सुरुवात करतात. इंजिनचा आवाज आणि रंग पाहून ती गाडी पसंत करतात आणि पहिल्याच सुट्टीत कोकणात निघतात.

पंधराव्या वर्षी नोंदणीच्या नूतनीकरणासाठी गाडी आरटीओत जाते, तेव्हा निरीक्षक तिचे ब्रेक पाहतो. तोपर्यंत ती तीन-चार मालकांच्या हातून गेलेली असू शकते. तिच्यातले ब्रेक ऑइल शेवटचे कधी बदलले, हे त्यांच्यापैकी एकालाही सांगता येईलच असे नाही.